वनस्पतिजन्य जलजेले

स्टार्च, सेल्युलोज, पेक्टिन, डिंक यांसारख्या वनस्पतींपासून मिळणाऱ्या बहुवारिकांवर (अनेक लहान रेणू एकमेकांस जोडले जाऊन बनलेल्या प्रचंड रेणूंच्या संयुगांवर) रासायनिक वा भौतिक संस्कार करून तयार केलेले, पाणी शोषून फुगणारे पण त्यात न विरघळणारे पदार्थ. यांत बहुवारिकाच्या लांब साखळ्या ठिकठिकाणी एकमेकींस बांधल्या जाऊन त्यांचे त्रिमितीय जाळे झालेले असते. पाणी जाळ्याच्या पोकळ्यांत शिरते व जाळे ताणले जाते. परंतु बंधांमुळे साखळ्या सुट्या होऊ शकत नाहीत. पाण्याला आत ओढणारा तर्षण दाब आणि जाळ्याचा स्थितिस्थापक ताण यांचा समतोल झाला म्हणजे फुगणे थांबते. या समतोलाची गणिती मांडणी पॉल फ्लोरी व जॉन रेनर यांनी १९४३ मध्ये केली. भिजवलेल्या सब्जाच्या बीभोवती येणारा बुळबुळीत थर किंवा हळीव व इसबगोल यांचा लगदा ही जलजेलांची घरोघरी परिचित असलेली उदाहरणे होत.

वनस्पतीच्या प्रत्येक कोशिकेचे आवरण हे मुळात एक जलजेलच आहे. सेल्युलोजाचे ताठ सूक्ष्म तंतू, त्यांना लपेटणारी हेमिसेल्युलोजे आणि या दोहोंच्या मधल्या जागेत भरलेले पेक्टिन अशी त्याची रचना असते. पेक्टिनाच्या शेजारच्या साखळ्या कॅल्शियम आयनांनी जोडल्या जातात. आवरणातील हे बंध वाढत्या कोंबात सैल होतात, तर पक्व भागात घट्ट राहतात. माळरानावरील कुसळी गवताच्या बीला असलेले लांब कुसळ कोरडे असताना पिळलेले असते. ओल लागली की पीळ उलगडतो आणि वाळताना पुन्हा पडतो. या हालचालीमुळे बी जमिनीत शिरते. कुसळातील ऊतक मृत असते व त्यामुळे या हालचालीत जीवनक्रियेचा काही संबंध नसतो. तंतूंच्या मांडणीमुळे ते एका दिशेने अधिक व दुसऱ्या दिशेने कमी फुगते एवढेच. वनस्पतीचे जेल पाणी धरते तसेच ते नेमक्या वेळी सोडते, आणि वनस्पतीला या दोन्ही गोष्टी सारख्याच उपयोगी पडतात. मानवनिर्मित जेलांच्या इतिहासात मात्र दीर्घकाळ पहिल्या गुणाचेच मोजमाप होत राहिले. दुसऱ्या गुणाचे महत्त्व प्रयोगशाळेपेक्षा कारखान्यात व शेतात अधिक लवकर लक्षात आले.

इतिहास : पेक्टिन हा फळे जेलीसारखी गोठवणारा घटक आंरी ब्राकॉनो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी १८२५ मध्ये ओळखला. आन्सेल्म पायेन यांनी १८३८ मध्ये वनस्पतींच्या आवरणद्रव्यातून सेल्युलोज वेगळे केले. तत्पूर्वी १८३३ मध्ये पायेन व झां पेर्सो यांनी मोड आलेल्या सातूपासून डायास्टेज हे स्टार्चाचे विघटन करणारे द्रव्य मिळविले होते. त्याच वर्षी बीओ व पेर्सो यांनी स्टार्चापासून होणाऱ्या डिंकासारख्या पदार्थाला, त्याचा विद्राव ध्रुवित प्रकाशाचे प्रतल उजवीकडे वळवितो म्हणून, ‘डेक्स्ट्रिन’ असे नाव दिले. हा पदार्थ व्यवहारात मात्र त्याआधीच आलेला होता. १८२१ मध्ये डब्लिनजवळच्या एका कापडगिरणीला आग लागली आणि भाजून तपकिरी झालेला स्टार्च पाण्यात सहज विरघळून चिकट होतो, हे तेथील कामगारांच्या लक्षात आले, असे सांगितले जाते. ‘ब्रिटिश गम’ या नावाने तो विकला जाऊ लागला. नैसर्गिक बहुवारिकावर मुद्दाम संस्कार करून नवा गुण आणण्याच्या उद्योगाचा आरंभ अशा रीतीने एका अपघातात झाला.

टॉमस ग्रॅहम यांनी १८६१ मध्ये कलिल ही संज्ञा रूढ केली आणि १८६४ मध्ये सिलिसिक अम्लाच्या अभ्यासात ‘हायड्रोजेल’ हा शब्द वापरला. अशा प्रकारे जलजेल हे नाव प्रथम एका खनिज पदार्थाला मिळाले, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्यासारखी आहे. जेलातील साखळी म्हणजे लहान कणांचा सैल पुंजका नसून एकच प्रचंड रेणू आहे, असे हेर्मान स्टाउडिंगर यांनी १९२० मध्ये प्रतिपादन केले. त्यांचे म्हणणे मान्य होण्यास जवळजवळ दहा वर्षे लागली. १९५३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. दरम्यान जर्मनीत १९१८ मध्ये सेल्युलोजापासून कार्‌बॉक्सिमिथिल सेल्युलोज तयार करण्यात आले होते. सेल्युलोज पाण्यात विरघळत नाही. परंतु त्याच्या साखळीवर ऋण विद्युत् भार असलेले अम्लगट बसविले की ते पाण्यात फुगते व विरघळते. आईस्क्रीमपासून खनिज तेलाच्या विहिरींतील चिखलापर्यंत अनेक ठिकाणी हे संयुग आज वापरात आहे.

गुऱ्हाळ व यंत्रमाग : कोल्हापूर जिल्ह्यात वनस्पतिजन्य जेलांचा व्यवहार या शास्त्रीय नावांशिवाय चालत आलेला आहे. गुऱ्हाळात उसाचा रस काहिलीत उकळत असताना भेंडीची खोडे ठेचून पाण्यात भिजवून काढलेला बुळबुळीत रस त्यात घालतात. त्यातील अम्लगटयुक्त बहुवारिके रसातील तरंगणारा गाळ गोळा करतात व तो फेसाबरोबर वर येतो. फेस काढून टाकला की गूळ स्वच्छ रंगाचा होतो. येथे जेलाने गाळ धरणे जितके आवश्यक, तितकेच ते रसात न उरणेही आवश्यक असते.

इचलकरंजीत १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग सुरू झाला व पुढे ते गाव वस्त्रोद्योगाचे मोठे केंद्र बनले. मागावर ताण्याच्या सुताचे घर्षणाने तंतू सुटू नयेत म्हणून त्याला खळ द्यावी लागते. मक्याचा स्टार्च हा खळीचा मुख्य घटक होय. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात डेहराडून येथील वनसंशोधन संस्थेत चिंचोक्याच्या पिठाचा खळीसाठी अभ्यास झाला आणि हे पीठ कापूस व ताग यांच्या गिरण्यांत वापरले जाऊ लागले. चिंचोक्यातील बहुवारिक झायलोग्लुकान वर्गातील असून वाढत्या कोशिकांच्या आवरणात सेल्युलोजाच्या तंतूंना लपेटणारे हेमिसेल्युलोज याच वर्गातील आहे. वनस्पती ज्या द्रव्याने आपला तंतू लपेटते त्याच जातीच्या द्रव्याने विणकर आपले सूत लपेटतो, हा योगायोग नव्हे. दोन्ही साखळ्यांचा कणा एकाच प्रकारचा असल्याने ते द्रव्य कापसाच्या सेल्युलोजाला घट्ट धरते. कापड विणून झाल्यावर मात्र खळ पूर्णपणे काढावी लागते, नाहीतर रंग सारखा बसत नाही. स्टार्चाची खळ काढण्यासाठी पायेन व पेर्सो यांच्या डायास्टेजाच्याच कुळातील एंझाइमे वापरतात.

शिरोलीचे ओतकाम : वनस्पतिजन्य जेलाची सर्वांत कठोर परीक्षा मात्र ओतकामात होते. पुणे–बंगळूरू महामार्गालगत पंचगंगेच्या उत्तरेस असलेली शिरोली येथील महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत (शिरोली एमआयडीसी) हे कोल्हापूरच्या ओतकाम व्यवसायाचे एक प्रमुख केंद्र आहे. हा व्यवसाय उसाचे चरक, तेलावरील एंजिने व पाण्याचे पंप या शेतीच्या गरजांतून वाढला. पुढे मोटारी, ट्रॅक्टर व झडपा यांच्या ओतीव भागांना त्यात महत्त्व आले. येथील बरेचसे साचे ग्रीन सँड या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ओल्या वाळूचे असतात. अशा वाळूत सिलिका वाळूखेरीज सु. ६ ते १० टक्के बेंटोनाइट माती, ३ ते ५ टक्के पाणी व थोडी कोळशाची भुकटी असते. बेंटोनाइटातील माँटमोरिलोनाइट गटाची खनिजे पाण्यात फुगतात आणि वाळूच्या कणांभोवती जेलाचे पातळ आवरण तयार करतात. कापसाच्या काळ्या जमिनीची ओल धरण्याची शक्ती याच गटाच्या खनिजांमुळे आलेली असते.

या खनिज जेलात काही उणिवा आहेत. साचा तयार होऊन धातू ओतला जाईपर्यंत त्याच्या कडा व पातळ भाग वाळतात व वाळू झडू लागते. ती धातूत गेली की ओतीव वस्तू खराब होते. दुसरी अडचण क्वॉर्ट्‌झाच्या गुणधर्मातून येते. सु. ५७३° से. तापमानास क्वॉर्ट्‌झाची स्फटिकरचना बदलते व त्याचे आकारमान एकाएकी वाढते. दीड हजार अंशांच्या आसपास तापलेले बीड साच्यात ओतताच पृष्ठभागाची वाळू प्रसरण पावते; तिला सरकण्यास जागा नसल्यास तो थर फुगून उचलला जातो व ओतीव वस्तूवर खपली धरल्यासारखा दोष उमटतो. यांवर उपाय म्हणून वाळूत अल्प प्रमाणात, सामान्यतः एक टक्क्याहूनही कमी, संस्कारित स्टार्च किंवा डेक्स्ट्रिन मिसळतात.

साधा स्टार्च थंड पाण्यात फुगत नाही. त्याच्या कणांतील स्फटिकमय भाग मोडण्यास सु. ६० ते ७५° से. तापमान लागते. म्हणून त्याची पेज वाफेने तापविलेल्या फिरत्या पिंपावर पातळ थरात शिजवून वाळवितात व त्या पापुद्र्याचे पीठ करतात. हा पूर्वशिजित स्टार्च थंड वाळूतील अल्प ओलीतही फुगतो, ओल धरून ठेवतो आणि साच्याला चिवटपणा आणतो. डेक्स्ट्रिन विरघळणारे असल्याने वाळताना ओलीबरोबर पृष्ठभागाकडे सरकते व तेथे कठीण साय धरते. कडा टिकविण्यास त्याचा उपयोग होतो. धातू ओतल्यावर मात्र दोन्ही द्रव्यांनी जळून जाणे अपेक्षित असते. ती जळाल्यावर कणांच्या मध्ये उरणाऱ्या पोकळीत क्वॉर्ट्‌झाचे प्रसरण सामावते आणि खपली धरत नाही.

या मिश्रणाचे प्रमाण राखणे हे नाजूक काम आहे. स्टार्च जास्त झाल्यास वाळू चिकट होऊन साच्याच्या कोपऱ्यांत नीट बसत नाही; शिवाय जळताना होणारा वायू धातूत अडकून वस्तूत छिद्रे पडतात. ती पुष्कळदा यंत्रावर कातकाम करतानाच उघडकीस येतात, म्हणजे वितळविण्याचा, ओतण्याचा व कातण्याचा असा सर्व खर्च होऊन गेल्यावर. वाळूची परीक्षा आता उपकरणांनी करतात. तरी मुठीत वाळू दाबून ती मोडून पाहण्याची जुन्या कारागिरांची रीत अगदीच मागे पडलेली नाही. त्या मुठीत अजमावली जाते ती जेलाची बांधणीच होय.

पोकळ वस्तूंसाठी साच्यात बसवावयाच्या गाभ्यांचा (कारखान्यातील भाषेत कोअर) इतिहासही या दृष्टीने बोधप्रद आहे. जुन्या पद्धतीत वाळूत जवसाचे तेल व डेक्स्ट्रिन मिसळून गाभा सु. २००° से. तापमानास भाजीत. भाजण्यापूर्वी गाभ्याचा आकार डेक्स्ट्रिनामुळे टिके, भाजल्यावर तेलामुळे. १९५० नंतर कार्बन डाय-ऑक्साइड पद्धतीचा प्रसार झाला. तीत वाळूत सोडियम सिलिकेट मिसळून तीमधून तो वायू सोडला की काही सेकंदांत सिलिसिक अम्लाचे जेल होऊन गाभा कठीण होतो. ग्रॅहम यांनी १८६४ मध्ये ज्याला जलजेल म्हटले तोच हा पदार्थ होय. भट्टीत भाजणे वाचले, पण हे जेल सुटेना. तापल्यावर सिलिकेट काचेसारखे होऊन वाळू पकडून ठेवते व थंड झालेल्या वस्तूतून गाभा ठोकून काढावा लागतो. एंजिनाच्या अरुंद जलमार्गांत तर ते फार कष्टाचे होते. यावर साखर, डेक्स्ट्रिन किंवा साखर कारखान्यातील मळी थोड्या प्रमाणात मिसळण्याचा उपाय करण्यात आला. ती जळून बंध खिळखिळे करते. अशा रीतीने खनिज जेलाला सोडण्याचा गुण वनस्पतिजन्य द्रव्याकडून उसना घ्यावा लागला. पुढे कृत्रिम रेझिनांनी गाभ्यांच्या कामात बरीच जागा घेतली. ती अधिक अचूक असली तरी त्यांच्यापासून होणाऱ्या उग्र व अपायकारक वायूंमुळे कामाच्या जागी विशेष वायुवीजन ठेवावे लागते [→ ओतकाम].

अतिशोषक जेले : स्टार्चाच्या साखळीवर दुसऱ्या बहुवारिकाची फांदी चढविण्याची, म्हणजे शब्दशः कलम करण्याची, सोयीची रीत १९५८ मध्ये मिनो व कायझरमन यांनी सीरियम आयनांच्या साहाय्याने दाखवून दिली. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या पीओरिया (इलिनॉय) येथील प्रयोगशाळेत या रीतीने शिजविलेल्या स्टार्चावर ॲक्रिलोनायट्राइलाचे कलम करून त्याचे अल्कलीने जलीय विच्छेदन करण्यात आले. विच्छेदनाने फांद्यांवर ऋण भाराचे गट येतात. ते एकमेकांस दूर ढकलतात व साखळी पसरते. १९७० नंतरच्या दशकात ‘सुपर स्लर्पर’ या नावाने गाजलेला हा पदार्थ स्वतःच्या वजनाच्या कित्येक शंभर पट शुद्ध पाणी शोषून घेई. जपानमध्ये १९७८ मध्ये स्टार्चावर पॉलिॲक्रिलेटाचे कलम केलेला पदार्थ आरोग्यविषयक पट्ट्यांसाठी कारखान्यात तयार होऊ लागला. त्यानंतर थोड्याच वर्षांत लहान मुलांच्या लंगोटांसाठी स्टार्चविरहित, पूर्णपणे कृत्रिम पॉलिॲक्रिलेट अधिक सोयीचे ठरले आणि या धंद्यातून वनस्पतीचा भाग बव्हंशी वगळला गेला.

१९७२ च्या दुष्काळाचा अनुभव ताज्या असलेल्या महाराष्ट्रात या शोधाकडे वेगळ्या अपेक्षेने पाहिले जाणे स्वाभाविक होते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत १९८० नंतरच्या दशकात स्टार्चावर आधारित अतिशोषक बहुवारिक विकसित करण्यात आले व ते ‘जलशक्ती’ या नावाने बाजारात आले. बियांवर लेप देणे, रोपांची मुळे त्याच्या लगद्यात बुडवून लावणे व मातीत मिसळणे असे त्याचे उपयोग सुचविण्यात आले. कोरडवाहू शेतीत त्याचा सार्वत्रिक वापर मात्र रुजला नाही. अशा सर्वच जेलांना शेतात भेडसावणाऱ्या अडचणी मूलभूत स्वरूपाच्या आहेत. शुद्ध पाण्यात मोजलेली शोषणशक्ती खारट वा जड पाण्यात अनेक पटींनी घटते, कारण बाहेरील आयनांमुळे तर्षण दाबातील फरक कमी होतो. कॅल्शियम आयन तर साखळ्यांना एकमेकींशी बांधून टाकतात. वनस्पतीच्या आवरणात उपयोगी पडणारी हीच क्रिया येथे घातक ठरते. त्यावर मातीच्या थराचा भार असतो तो निराळाच. काळ्या जमिनीत तर निसर्गतःच फुगणारे खनिज असल्याने बाहेरून घातलेल्या जेलाचा फायदा कमी दिसतो. रेताड व मुरमाड जमिनीत तो अधिक असतो. स्टार्चाचा भाग मातीतील सूक्ष्मजंतू खाऊन टाकतात, तर ॲक्रिलिक भाग फार सावकाश विघटित होतो. बाजारात वजनाच्या किती पट पाणी शोषले जाते हा एकच आकडा सांगण्याची प्रथा पडल्याने या गोष्टी मागे राहिल्या, असे म्हणावे लागते.

नवी दिल्ली येथील भारतीय कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेले ‘पुसा हायड्रोजेल’ हे सेल्युलोजावर आधारित आहे. भारतातील उन्हाळ्याचा विचार करून ते ४० ते ५०° से. तापमानातही चांगले फुगेल असे बनविण्यात आले आणि हेक्टरी सु. २·५ ते ५ किग्रॅ. एवढी अल्प मात्रा सुचविण्यात आली. ते शुद्ध पाणी वजनाच्या किमान ३५० पट शोषते. पण त्याचे खरे वैशिष्ट्य हे की मुळांच्या परिसरात माती सुकू लागली म्हणजे ते पाणी हळूहळू परत देते.

वनस्पतिरचनेचे अनुकरण : विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत वनस्पतीचे द्रव्य घेतले जाई, तिची रचना नव्हे. सेल्युलोजाचे मूळ सूक्ष्म तंतू न विरघळविता सुटे करण्याच्या रीती १९८० नंतर पुढे आल्या. जपानमध्ये त्सुगुयुकी साइतो व आकिरा इसोगाइ यांनी २००६ मध्ये तंतूंच्या पृष्ठभागाचे सौम्य ऑक्सिडीकरण करून हे काम पुष्कळ कमी ऊर्जेत साधले. अमेरिकेतील हार्व्हर्ड विद्यापीठात २०१६ मध्ये असे तंतू मिसळलेले मृदू जेल बारीक नळीतून रेघांच्या रूपाने छापण्यात आले. नळीतून बाहेर पडताना तंतू रेघेच्या दिशेने जुळतात आणि तेवढ्या दिशेने जेल कमी फुगते. त्यामुळे सपाट छापलेली आकृती पाण्यात ठेवताच ठरविल्याप्रमाणे वळून फुलासारखी होते. कुसळी गवताच्या बीचे पिळणे-उलगडणे ज्या तत्त्वावर चालते तेच हे तत्त्व होय. इटलीतील संशोधकांनी २००८ मध्ये कार्‌बॉक्सिमिथिल सेल्युलोज व हायड्रॉक्सिएथिल सेल्युलोज यांच्या साखळ्या लिंबात असणाऱ्या सायट्रिक अम्लाने बांधून ॲक्रिलिक भाग टाळलेले शोषक जेल तयार केले. शोषणात ते कृत्रिम जेलाची बरोबरी क्वचितच करते. मातीत त्याचे विघटन मात्र होते.

कच्च्या मालाची उणीव पश्चिम महाराष्ट्रात नाही. उसाच्या चिपाडात सेल्युलोजाचे प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास असते. साखर कारखान्यांत ते बॉयलरमध्ये जळते आणि त्यापासून वाफ व वीज मिळते. म्हणून ते फुकटचे द्रव्य नव्हे. चिपाडातून सेल्युलोज वेगळे करण्यासाठी लिग्निन अल्कलीत विरघळवून काढावे लागते व सेल्युलोजाच्या प्रत्येक किलोग्रॅममागे अनेक पट काळसर, क्षारीय सांडपाणी निघते. उसातील सिलिकाही त्यात विरघळून येते व अल्कली परत मिळविण्याच्या यंत्रणेत साचून अडथळा आणते. पंचगंगेच्या खोऱ्यात, जेथे नदीच्या प्रदूषणाचा प्रश्न आधीच तीव्र आहे, तेथे असा कारखाना काढावयाचा झाल्यास जेलाच्या रसायनशास्त्राइतकाच या काळ्या द्रवाचा हिशेब आधी मांडावा लागेल.